‘उडती शवपेटी’ : एका रूपकाची चिकित्सा

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढच्या हवाई तळावर मिग-२१ ह्या लढाऊ विमानाने भारतीय हवाई दलाचा औपचारिक निरोप घेतला. १९६३ साली दाखल झालेले हे विमान बासष्ट वर्षे सेवेत होते. निरोपाच्या निमित्ताने जे लिहिले-बोलले गेले त्यात एक शब्दप्रयोग पुन:पुन्हा भेटत होता : ‘उडती शवपेटी’. मराठीच्या अध्यापकाने विमानविद्येत लुडबूड का करावी, असा प्रश्न कोणी विचारला तर त्यात गैर काही नाही. परंतु रूपक हा आमचा प्रांत आहे. एखादे रूपक अर्धशतकभर समाजाच्या तोंडी रुळते, त्याच्या आधारे लोक दु:ख व्यक्त करतात, राग व्यक्त करतात आणि निवाडाही करून टाकतात, तेव्हा ते काय दाखवते आणि काय झाकते हे तपासणे हे समीक्षेचेच काम आहे. माझे म्हणणे असे की, हे रूपक दु:खाला न्याय देते, पण दोषाचा पत्ता चुकवते.

प्रथम रूपकाकडेच पाहू. ‘शवपेटी’ ही प्रतिमा आपल्याकडच्या बहुसंख्य लोकांच्या अंत्यविधीतून आलेली नाही. ती इंग्रजीतून आली, हिंदीत ‘ताबूत’ झाली आणि मराठीत शवपेटी. पण परकेपणा हा काही तिचा दोष नव्हे. दोष तिच्या आतल्या व्याकरणात आहे. शवपेटीत जो असतो तो आधीच मेलेला असतो. म्हणजे वैमानिकाचे कौशल्य, त्याचा शेवटच्या क्षणापर्यंतचा प्रयत्न, त्याने घेतलेले निर्णय ह्यांना ह्या प्रतिमेत जागाच नाही. दुसरे असे की, शवपेटीचा उपयोग एकच असतो. ती कशासाठी घडवली आणि तिच्याकडून काय काम करून घेतले, हा प्रश्न तिच्याबाबत उद्भवत नाही. विमानाच्या बाबतीत मात्र सारा गुंता ह्याच दोन प्रश्नांत आहे.

त्यासाठी पहिल्या पिढीतील स्वनातीत इंटरसेप्टर विमाने कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्मली, हे समजून घेतले पाहिजे. ऑगस्ट १९४९ मध्ये सोव्हिएत संघाने पहिली अणुचाचणी केली आणि त्यानंतर दोन्ही बाजूंच्या लष्करी नियोजनावर एकाच चित्राची छाया पडली : अतिशय उंचावरून, ध्वनीच्या वेगाच्या जवळपास येणारे, पोटात अणुबॉम्ब असलेले विमान. ताशी ९०० किलोमीटर वेगाने येणारे असे विमान दहा मिनिटांत दीडशे किलोमीटर अंतर कापते. त्याला गाठायचे तर धावपट्टीवरून उठून काही मिनिटांत बारा-पंधरा किलोमीटर उंची गाठणारे आणि त्याच्याहून पुष्कळ वेगवान असे विमान हवे. दूर जायचे नाही, फार वेळ हवेत राहायचे नाही, जमिनीलगत लढायचे नाही. उठायचे, गाठायचे, मारायचे आणि परतायचे. प्रश्न इतका अरुंद होता, आणि त्याची उत्तरेही तशीच अरुंद निघाली.

ध्वनीच्या वेगापलीकडे गेल्यावर हवेचा रोध एकाएकी वाढतो आणि पंख जितका जाड तितका तो अधिक भोवतो. म्हणून पंख पातळ हवा. परंतु पातळ पंखात इंधन मावत नाही आणि चाकेही मावत नाहीत. पंख लहान केला तर वेग वाढतो. पण लहान पंख पुरेशी उचल देतो तो वेगात असतानाच, त्यामुळे उतरतानासुद्धा विमान भन्नाट वेगाने उतरवावे लागते. प्रचंड जोर देणारे इंजिन बसवले तर ते प्रचंड इंधन पिते. आणि इंधन ठेवायला तर जागा नाही. मोठे रडार नाकात बसवावे तर तिथूनच इंजिनाला हवा घ्यायची असते. प्रत्येक गुण दुसऱ्या एखाद्या गुणाच्या खात्यातून वजा होतो. ह्या व्यवहाराला आपण सहजपणे ‘तडजोड’ म्हणतो, पण हा शब्द मला इथे अपुरा वाटतो. मराठीत तडजोडीला थोडा कमीपणाचा वास आहे. तडजोड करणारा काहीसा हरलेला असतो. इथे अभिकल्पक हरलेला नसतो. तो उघड्या डोळ्यांनी एक गोष्ट घेतो आणि तिच्यासाठी दुसरी सोडतो. ‘किंमत मोजून केलेली निवड’ असे म्हटले तर ते वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाईल. आणि जिथे किंमत मोजली जाते तिथे एक प्रश्न अटळपणे येतो : ती कोणाच्या खिशातून?

एकाच प्रश्नाची तीन देशांनी दिलेली तीन उत्तरे पाहण्यासारखी आहेत. अमेरिकेत लॉकहीडचे क्लॅरेन्स ‘केली’ जॉन्सन १९५१ च्या अखेरीस कोरियात जाऊन तिथल्या वैमानिकांशी बोलले आणि परत येऊन त्यांनी वेग आणि उंची ह्या दोनच गोष्टींसाठी जणू सर्वस्व पणाला लावणारे विमान आखले. एफ-१०४ स्टारफायटर मार्च १९५४ मध्ये प्रथम उडाले. त्याचा पंख धडापासून टोकापर्यंत जेमतेम सव्वादोन मीटर लांब आणि इतका पातळ होता की, त्याच्या धारेने कोणी जखमी होऊ नये म्हणून जमिनीवर असताना तिच्यावर आवरण घालावे लागे. १९५८ च्या मे महिन्यात ह्या विमानाने वेगाचा आणि उंचीचा असे दोन्ही जागतिक विक्रम आपल्या नावावर केले. त्याची किंमत काय? उतरण्याचा वेग आवाक्यात आणण्यासाठी इंजिनातली दाबयुक्त हवा पंखाच्या मागच्या झडपांवरून सोडण्याची युक्ती केलेली होती. म्हणजे उतरताना इंजिनाने दगा दिला की, ज्या क्षणी आधार हवा त्याच क्षणी तो नाहीसा व्हायचा. शिवाय शेपटीचा आडवा भाग उंच टोकावर होता. संकटात बाहेर फेकला जाणारा वैमानिक त्यावर आदळेल ह्या भीतीने सुरुवातीच्या विमानांत इजेक्शन सीट खालच्या दिशेने सुटणारी बसवली. उंचावर हे ठीक होते. पण उड्डाण करताना किंवा उतरताना, म्हणजे जमिनीलगत, खाली सुटणारी सीट म्हणजे काय हे सांगायला तज्ज्ञ नको. पुढे ती बदलून वर सुटणारी करण्यात आली.

ब्रिटनमध्ये इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीने लाइटनिंग केले. त्याचा आरंभीचा आराखडा डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर ह्यांचा, भारतीय वाचकांना परिचित असलेले नॅट विमान हीही पुढे त्यांचीच निर्मिती. लाइटनिंगचा पूर्वावतार ऑगस्ट १९५४ मध्ये उडाला. दोन इंजिने शेजारी-शेजारी ठेवली तर धड रुंद होते आणि रोध वाढतो, म्हणून ती एकावर एक ठेवली. पंख साठ अंशांनी मागे वळवले. चाके पंखातच बाहेरच्या बाजूला मिटायची, त्यामुळे तिथली इंधनाची जागा गेली. परिणामी हे विमान चढायला अद्वितीय, पण उड्डाण केल्यापासूनच वैमानिकाची एक नजर इंधनाच्या काट्यावर. ब्रिटनच्या अणुबॉम्बवाहू विमानांचे तळ काही मिनिटे वाचवायचे, इतकेच काम मुळात असल्यामुळे त्या वेळी हे चालण्यासारखे होते. पुढे उत्तर समुद्रावर लांब पल्ल्याच्या सोव्हिएत विमानांच्या मागावर जाण्याचे काम आले, तेव्हा हवेत इंधन भरून देणाऱ्या विमानांचा आधार त्याला घ्यावा लागला. १९६० ते १९८८ असे अठ्ठावीस वर्षे ते ब्रिटिश हवाई दलात होते.

सोव्हिएत संघाचे उत्तर मिग-२१. त्याच्या आखणीकारांनी मागे वळवलेला पंख आणि त्रिकोणी पंख असे दोन्ही पर्याय १९५५ मध्ये प्रत्यक्ष उडवून पाहिले आणि त्रिकोणी पंख निवडला. हा पंख वजनाला हलका, मजबूत आणि वेगाला अनुकूल असतो. त्याला स्वतंत्र शेपटीची जोड दिल्याने हाताळणी सुधारली. पण रडार बसवायचे ते इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या शंकूत, म्हणून ते लहान. वैमानिकाला जमिनीवरचे नियंत्रक सांगतील त्या दिशेने जायचे, हे गृहीतच धरलेले. हवेत राहण्याचा अवधी साधारण पाऊण तासाचा. उतरण्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास. ह्या मर्यादांच्या बदल्यात मिळाले ते एक साधे, स्वस्त, हजारोंच्या संख्येने बांधता येणारे विमान. निरनिराळ्या देशांत मिळून ते दहा हजारांहून अधिक बांधले गेले.

ही तिन्ही विमाने आपापल्या प्रश्नाची प्रामाणिक उत्तरे होती, असे मला वाटते. प्रामाणिक म्हणजे निर्दोष नव्हे. खालच्या दिशेने सुटणारी सीट ही निवड मला आजही अस्वस्थ करते, कारण तिथे किंमत सरळ वैमानिकाच्या प्राणांतून मोजली गेली. पण निदान ती किंमत दिसत होती. तिच्याबद्दल वाद घालता येत होता, ती बदलता येत होती, आणि बदलली गेली. खरा अनर्थ झाला तो उत्तर तसेच ठेवून प्रश्न बदलला गेला तेव्हा.

ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण पश्चिम जर्मनीचे आहे. १९५९ मध्ये तिने स्टारफायटरची मागणी नोंदवली. पण जर्मनीला केवळ इंटरसेप्टर नको होते. तेच विमान जमिनीलगत उडून बॉम्ब टाकील, तेच अणुहल्ला करील, तेच टेहळणी करील आणि तेही मध्य युरोपच्या ढगाळ, धुकट हवेत, अशी अपेक्षा होती. विमानावर उपकरणे चढली, वजन वाढले. पंख तेवढाच राहिला. वैमानिक शिकले अ‍ॅरिझोनाच्या निरभ्र आकाशात आणि उडाले जर्मनीच्या पावसाळी ढगांत. दुसऱ्या महायुद्धात ३५२ विमाने पाडलेले एरिक हार्टमान ह्यांनी, एवढ्या अवघड विमानासाठी आपले हवाई दल अद्याप तयार नाही, असा इशारा दिला होता. तो मानला गेला नाही. १९७० मध्ये ते निवृत्त झाले. जर्मनीने वापरलेल्या ९१६ स्टारफायटरांपैकी २९२ नष्ट झाली आणि ११६ वैमानिकांचा बळी गेला. लोकांनी विमानाला नाव दिले ‘विट्वेनमाखर’, म्हणजे स्त्रियांना विधवा करणारे. व्याकरणाच्या दृष्टीने पाहा : इथे कर्ता विमान आहे. ते विकत घेणारे मंत्रालय नाही, विकणारी कंपनी नाही, प्रशिक्षणाचा आराखडा आखणारा अधिकारी नाही.

आणि आता शेजारचे उदाहरण. स्पेननेही स्टारफायटर घेतले होते. १९६५ ते १९७२ ह्या काळात एकवीस विमाने तिथे उडाली. प्रामुख्याने चांगल्या हवेत, अनुभवी वैमानिकांच्या हाती आणि मुळात ज्या कामासाठी ती बनवली होती त्याच कामासाठी, म्हणजे उंचावरच्या शत्रूला अडवण्यासाठी. अपघातात त्यांनी एकही विमान गमावले नाही. संख्या लहान आहे, हे मान्य. तिच्यावर सिद्धान्ताचा इमला उभारणे शहाणपणाचे नाही. पण विमान हीच जर शवपेटी असेल, तर स्पेनमध्ये ती रिकामी कशी राहिली, ह्याचे उत्तर रूपकाचा आग्रह धरणाऱ्यांनी दिले पाहिजे. जर्मनीतही १९६६ मध्ये योहानेस स्टाइनहोफ हवाई दलाचे प्रमुख झाल्यावर प्रशिक्षण, देखभाल आणि इजेक्शन सीट ह्यांत सुधारणा झाल्या आणि अपघातांचे प्रमाण उतरले. पंख तेव्हाही तोच होता.

आता आपल्याकडे येऊ. भारताने मिग-२१ घेतले ते १९६२ च्या युद्धाच्या आगेमागे, आणि नुसते घेतले नाही तर ते बांधण्याचा परवानाही मिळवला. त्यातून नाशिकजवळ ओझरला विमानांचा, कोरापूटला इंजिनांचा आणि हैदराबादला इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा कारखाना उभा राहिला. ओझर हे नाव महाराष्ट्राच्या नकाशावर ठळक झाले ते ह्या विमानामुळे. आरंभी बांधल्या गेलेल्या प्रकारात अंगची तोफही नव्हती. दोन क्षेपणास्त्रे पुरेत असे इंटरसेप्टरचे तर्कशास्त्र सांगत होते. १९६५ च्या अनुभवानंतर पोटाखाली बाहेरून तोफ जोडण्याची सोय झाली. डिसेंबर १९७१ मध्ये कच्छच्या आखातावर मिग-२१ ने पाकिस्तानचे स्टारफायटर पाडले ते तोफेनेच आणि समुद्राच्या पृष्ठभागालगत. उंच आकाशातील बॉम्बवाहू विमानांसाठी जन्मलेली दोन विमाने, ज्या कामासाठी ती बनवलीच नव्हती त्या कामात, पाण्याच्या उंचीवर एकमेकांना भेटली. त्याच महिन्यात ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटे डागली तीही मिग-२१ नीच. प्रश्न इथेही बदलला होता. पण तो युद्धाने बदलला होता आणि अनुभवी वैमानिकांनी त्याला उत्तर दिले होते.

त्यानंतरचा बदल मात्र शांततेच्या काळात, फायलींच्या प्रवासात झाला. तरुण वैमानिक किरणसारख्या सौम्य विमानावर शिकून आला की पुढे त्याला द्रुतगती प्रशिक्षण-विमान हवे, अशी शिफारस एअर मार्शल ला फॉन्टेन समितीने १९८२ साली केली. त्या विमानाच्या खरेदीचा करार झाला मार्च २००४ मध्ये आणि पहिली हॉक विमाने बिदरला दाखल झाली २००८ मध्ये. शिफारस आणि विमान ह्यांच्यात सव्वीस वर्षे गेली. त्या काळात तेजपूरला एक खास केंद्र उघडून नवशिक्या वैमानिकांना शिकवण्यासाठी जे विमान वापरले गेले ते मिग-२१ होते. ताशी तीनशे किलोमीटरने उतरणारे, एकच इंजिन असलेले, चूक झाल्यास सावरायला अवधी न देणारे इंटरसेप्टर हे विद्यार्थ्याच्या हाती पाठ्यपुस्तक म्हणून दिले गेले. दुसरीकडे, मिगची जागा घेण्यासाठी हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला. तेजसचे पहिले उड्डाण जानेवारी २००१ मध्ये झाले आणि पहिली स्क्वॉड्रन जुलै २०१६ मध्ये उभी राहिली. तोवर जुन्यावर भागवणे आले. सुमारे सव्वाशे मिग-२१ विमानांचे ‘बायसन’ असे नूतनीकरण झाले. त्यांना नवे रडार आले, नवी क्षेपणास्त्रे आली. पण रडार बदलता येते, पंख बदलता येत नाही. उतरण्याचा वेग १९५५ च्या निवडीने ठरवलेलाच राहिला.

२०१२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितले की, १९७१-७२ पासून त्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत मिग मालिकेची ४८२ विमाने अपघातग्रस्त झाली आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिक मृत्युमुखी पडले. हा आकडा मिगच्या सर्व प्रकारांचा आहे. मिग-२१ चा वाटा त्यात मोठा.

इथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. ‘उडती शवपेटी’ ह्या रूपकामुळेच तर हा विषय लोकांपर्यंत पोहोचला. राजस्थानात २००१ मध्ये वैमानिक मुलगा गमावलेल्या एका मराठी आईने, त्याच्या मृत्यूवर ‘मानवी चूक’ असा शिक्का बसू नये म्हणून वर्षानुवर्षे झुंज दिली. २००६ च्या ‘रंग दे बसंती’ ह्या चित्रपटाने तर मिगच्या अपघाताला कथानकाच्या केंद्रस्थानी आणले. सरकारी भाषेत ‘चौकशी चालू आहे’ एवढेच ऐकू येते तेव्हा लोकांना एक धारदार शब्द लागतो. तो शब्द तांत्रिकदृष्ट्या अचूक आहे की नाही हे पाहण्याची चैन शोकाकुल माणसाला परवडत नाही. हे सारे मला मान्य आहे. ज्यांनी आपले माणूस गमावले त्यांच्या तोंडचा शब्द दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाही समीक्षकाला नाही.

परंतु आपण बाकीच्यांनी तो शब्द जसाच्या तसा उचलला, ह्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ‘मानवी चूक’ म्हणणारा अहवाल मेलेल्या वैमानिकाला दोष देतो आणि ‘उडती शवपेटी’ म्हणणारे शीर्षक निर्जीव विमानाला. परस्परविरोधी वाटणाऱ्या ह्या दोन वाक्यांचा परिणाम एकच होतो. दोघांनाही उत्तर देता येत नाही, म्हणून दोघेही आरोपी म्हणून सोयीचे. ह्या दोन टोकांच्या मध्ये जी माणसे होती, म्हणजे प्रशिक्षण-विमानाची फाईल ज्यांच्या टेबलावर थांबली ते, जुन्या विमानाची मुदत पुन्हा एकदा वाढवणारे, आणि ‘सध्या भागवून घ्या’ असे म्हणणारे, त्यांच्यासाठी आपल्या भाषेने एकही रूपक घडवले नाही. कदाचित दिरंगाईचे रूपक करणे अवघड असते. तिला आकार नसतो, ती कोसळत नाही, तिचा ढिगारा छायाचित्रात येत नाही.

साहित्यकृतीचे मूल्यमापन करताना आपण विद्यार्थ्यांना सांगतो की, आधी तिने काय साधायचे ठरवले होते ते पाहा; ओवीकडून महाकाव्याची अपेक्षा करू नका. यंत्रालाही हा न्याय लागू केला पाहिजे. मिग-२१ ने १९५५ च्या प्रश्नाचे उत्तर दिले होते. त्याला १९८५ चा आणि २००५ चा प्रश्न विचारणारे आपण होतो, आणि उत्तर चुकल्यावर त्याला शिव्या देणारेही आपणच.

आज ह्याचा ऊहापोह करण्याचे कारण असे की, चंडीगढच्या समारंभानंतर हे प्रकरण संपले अशी भावना सर्वत्र आहे. शवपेटी जर विमान असेल, तर ते प्रकरण खरोखरच संपले आहे. विमाने आता संग्रहालयांत उभी राहतील. पण दोष जर जुन्या उत्तरावर नवा प्रश्न लादण्याच्या आपल्या सवयीत असेल, तर ती सवय सेवानिवृत्त झालेली नाही. ती हवाई दलापुरती मर्यादितही नाही. अंग झिजलेले पूल, क्षमतेच्या दुप्पट माणसे वाहणाऱ्या गाड्या, एका कामासाठी नेमून चार कामांना जुंपलेले कर्मचारी, सगळीकडे तिचा वावर आहे. पुढच्या वेळी एखादी वस्तू ‘जीवघेणी’ ठरली की, तिला नाव ठेवण्यापूर्वी तिच्यावर तिचे नसलेले काम कोणी, केव्हा आणि कोणत्या कागदावर लादले, एवढे विचारण्याची शिस्त आपण लावून घेतली, तर त्या १७१ जणांच्या मृत्यूचा अर्थ निदान नीट वाचला असे म्हणता येईल.